उलट क्रमाने

गाडीदुरुस्तीच्या कुठल्याही जाडजूड पुस्तकात एक वाक्य हमखास असतं. आधी दोन पानं भरून एखादा भाग कसा सोडवायचा ते आकृत्यांसकट समजावलेलं असतं. कुठला नट आधी सैल करायचा, कुठली स्प्रिंग उडून डोळ्यात जाऊ शकते, सगळं. आणि मग जोडणीची पाळी आली की एकच ओळ: 'जोडणी उलट क्रमाने करावी.' बस्स. लेखक जेवायला गेला असावा. त्या एका ओळीने माझी साडेतीन वर्षं खाल्ली.

किट कार म्हणजे सुट्या भागांतून घरी बांधायची गाडी. कंपनी तुम्हाला खोक्यांतून अर्धी गाडी पाठवते, उरलेली अर्धी तुम्ही एखाद्या जुन्या गाडीतून काढायची. या जुन्या गाडीला 'डोनर' म्हणतात. ऐकायला रक्तदान वगैरे केल्यासारखं वाटतं, पण हे देहदान आहे. माहितीपत्रकात लिहिलं होतं, 'साधी हत्यारं, थोडा उत्साह आणि काही शनिवार-रविवार.' यातलं 'काही' किती, ते मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

माझी निवड होती ड्यून बगी. वाळूत उड्या मारणारी, दारं नसलेली, बेडकासारख्या डोळ्यांची. ब्रूस मायर्स नावाचा कॅलिफोर्नियातला एक गृहस्थ फायबरग्लासच्या होड्या बांधायचा. त्याने १९६४ साली तशीच एक टब, म्हणजे टबासारखी उघडी बॉडी, बांधली आणि तिला फोक्सवॅगन बीटलची यंत्रं जोडली. पुढे टब बीटलच्याच चासीवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, बसू लागली आणि किट म्हणून विकली गेली. ती इतकी आवडली की जो तो नक्कल करू लागला. मायर्स पेटंट घेऊन कोर्टात गेला आणि हरला. मग काय, रान मोकळं. माझं किट हे त्या नकलेच्या नकलेची नक्कल होतं, आणि प्रत्येक पिढीत एकेक भोक जागेवरून थोडं थोडं सरकत आलं होतं.

माझी डोनर बीटल सोडवण्याचे ते पहिले तीन आठवडे म्हणजे माझ्या आयुष्यातला सुवर्णकाळ. सोडवणं किती सोपं असतं! एकेक भाग काढायचा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचा, चिठ्ठी लावायची. रात्री झोपताना वाटायचं, आपण जन्मजात मेकॅनिक आहोत, उगीच नोकरीत अडकलो. त्या पिशव्या माझ्याकडे अजून आहेत. एकीवर लिहिलंय, 'डावीकडचा मागचा, बहुतेक.' एकीत फक्त एक वायसर आहे आणि चिठ्ठीवर दोन उद्गारचिन्हांसकट 'महत्त्वाचा!!' एवढंच. आणि एका पिशवीवर माझ्याच अक्षरात, 'हे विसरू नकोस.' काय, ते मी विसरलो.

पहिला अपमान पुढच्या डाव्या चाकाने केला. सगळे नट ज्या दिशेला सैल होतात त्या दिशेला मी जोर लावत होतो. दुसऱ्या दिवशी पाना लांब पडावा म्हणून त्याला पाइप लावला. तिसऱ्या दिवशी शेजारचे काका आले. काका रोज यायचे. हात मागे बांधून उभे राहायचे आणि ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बसलेल्या नातेवाइकासारखे मधूनच 'हं' म्हणायचे. त्या दिवशी ते म्हणाले, "अहो, पण तुम्ही तो आवळताय." मी त्यांना समजुतीच्या सुरात सांगितलं की काका, नट डावीकडे फिरवला की सैल होतो. घरी जाऊन पुस्तक उघडलं. बीटलच्या पुढच्या डाव्या चाकाच्या नटाला उलटे आटे असतात. चाक फिरता फिरता नट सैल होऊ नये म्हणून. म्हणजे तीन दिवस मी तो नट जगातल्या कुठल्याही बीटलच्या नटापेक्षा घट्ट आवळत होतो.

मागच्या चाकांचे आटे सरळ, पण त्यांचा थाट वेगळा. छत्तीस मिलिमीटरचा नट, आणि तो आवळायचा सुमारे ३०० न्यूटन-मीटरने. म्हणजे मीटरभर लांब पाइपच्या टोकाला तीस किलो वजन टांगायचं. हे नवा नट आवळायला. गंजलेला सोडवायला किती, याबद्दल पुस्तक मौन पाळतं. मी अख्खा बहात्तर किलोंचा त्या पाइपवर उभा राहिलो. नट हलला नाही. मग थोडी उडी मारली. पाइप वाकला, मी पडलो, नट जागच्या जागी. काका म्हणाले, "हं."

या काळात मला एक गोष्ट वाचायला मिळाली आणि फार धीर आला. १९५७ साली ब्रिटनमध्ये कॉलिन चॅपमनच्या लोटस कंपनीने 'सेव्हन' नावाची चिमुकली गाडी काढली. तिथे तयार गाडीवर परचेस टॅक्स होता, सुट्या भागांवर नव्हता. म्हणून लोक ती खोक्यांतून घ्यायचे आणि घरी जोडायचे. पण सोबत जोडणीच्या सूचना दिल्या तर करवाले तिला तयार गाडीच धरणार. यावर चॅपमनने म्हणे नामी तोड काढली. जोडण्याच्या सूचना द्यायच्याच नाहीत, सोडवण्याच्या द्यायच्या. गिऱ्हाइकाने त्या शेवटून सुरुवातीकडे वाचाव्यात. १९७३ मध्ये परचेस टॅक्स जाऊन व्हॅट आला आणि ही सगळी पळवाट बुजली. तरी लोकांनी खोक्यांतून गाड्या घेणं सोडलं नाही. तेव्हा ज्यांनी कर वाचवला त्यांचं मी समजू शकतो. त्यानंतरच्यांना, माझ्यासकट, कसलाही बचाव उरलेला नाही.

बगी बीटलपेक्षा आखूड असते, त्यामुळे चासी मधूनच सुमारे छत्तीस सेंटिमीटर कापायची आणि पुन्हा वेल्ड करायची. हे वाचायला सोपं आहे. पण चासीच्या मधल्या बोगद्यातून हँडब्रेकच्या केबल जातात, अॅक्सिलरेटरची जाते, क्लचची जाते, आणि गिअरचा एक लांब रॉडही जातो. चासी आखूड झाली की सगळी वऱ्हाडी मंडळीही आखूड व्हायला हवीत. गिअरचा रॉड कापून जोडताना तो कळेल न कळेलसा फिरला. त्यामुळे माझा गिअर सरळ उभा न राहता बायकोच्या सीटकडे कलून उभा राहू लागला. पहिला गिअर आता जवळजवळ तिच्या गुडघ्यावर पडायचा. "चालायचंच," मी म्हटलं. त्या रॉडला मी पुढे किती शिव्या देणार होतो, याची तेव्हा कल्पना नव्हती.

फायबरग्लासबद्दल फार बोलत नाही. घासताना त्याची जी धूळ उडते ती कॉलरमधून आत जाते आणि माणूस चार दिवस खाजवत बसतो. एवढं पुरे.

वायरिंगबद्दल मात्र बोलायलाच हवं. जर्मन लोकांनी वायरींना नावं न देता नंबर दिलेत. ३० म्हणजे बॅटरीतून थेट, १५ म्हणजे किल्ली फिरवल्यावर, ३१ म्हणजे अर्थिंग. पाठ केलं, वायरी जोडल्या, अगदी नंबरबरहुकूम. हेडलाइट लागेनात. पुन्हा तपासलं. वीज येत होती, बल्ब चांगले होते, फ्यूज चांगले होते. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद मंद पेटायचा, आणि इंडिकेटर लावला की मागचा दिवा लाजत लाजत उजळायचा. एकविसाव्या संध्याकाळी, दिव्यासमोर मांडी घालून बसलो असताना, डोक्यात प्रकाश पडला. गाडीत पडलेला तो त्या महिन्यातला पहिला प्रकाश. बीटलची बॉडी पत्र्याची. तिच्यात दिवा नुसता पत्र्याला स्क्रूने बसवला की अर्थ आपोआप मिळतो, परतीची वीज पत्र्यातून जाते. माझी बॉडी फायबरग्लासची, आणि फायबरग्लासमधून वीज जात नाही. म्हणजे प्रत्येक दिव्याला वीज पोचत होती, पण परत जायला वाटच नव्हती. ती बिचारी शेजारच्या बल्बांच्या घरातून वाट काढत होती. मग प्रत्येक दिव्याला एकेक वेगळी अर्थची वायर ओढली. १९६७ साली मायर्सने एका साथीदाराबरोबर असल्याच बगीतून मेक्सिकोतला अख्खा बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्प पस्तीस तासांच्या आत पार केला होता. तेवढ्या तासांत माझा उजवा इंडिकेटरही झाला नव्हता.

ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकाशी झोपून हवा सोडायचं निपल सैल करायचं, बुडबुडे निघू द्यायचे, निपल आवळायचं, आणि मगच पहिल्याने पाय उचलायचा. क्रम चुकला की निघालेली हवा पुन्हा आत. मी बायकोला बोलावलं.

"दाब," मी गाडीखालून म्हणालो.

"दाबलं."

"धर."

"धरलंय. अहो, किती वेळ?"

"मी सांगेपर्यंत सोडू नको."

"सोडू?"

"सोडू नको!"

"आधी 'सोडू' ऐकू आलं."

बुडबुडा डौलात परत आत गेला. मग आम्ही शब्द बदलले. 'हो' म्हणजे दाबायचं, 'नाही' म्हणजे सोडायचं. त्यातूनही गोंधळ व्हायला लागला, कारण मधेच ती विचारायची, "बरोबर करतेय ना?" आणि मी म्हणायचो, "हो." शेवटी तिने आकडे काढले. एक म्हणजे दाब, दोन म्हणजे सोड. सगळ्यांत लांबच्या चाकापासून सुरुवात करून चारही चाकं झाली आणि पेडल दगडासारखं कडक लागलं. आनंदाने उठताना माझी कोपर ब्रेक ऑइलच्या डब्याला लागली. ब्रेक ऑइल रंग खातं, हे पुस्तकात ठळक अक्षरात लिहिलेलं आहे. माझ्या बॉनेटवर तेव्हापासून एक नकाशा आहे.

इंजिन पहिल्या प्रयत्नात चालू झालं नाही. चार सिलिंडरच्या बहुतेक गाड्यांत ठिणगीचा क्रम एक-तीन-चार-दोन असतो, तो मला पाठ होता. बीटलमध्ये तो एक-चार-तीन-दोन. हे कळल्यावर मला नवल वाटलं नाही. आकडे उलटे मोजणारी गाडीच माझ्या वाट्याला येणार. वायरी बदलल्या, किल्ली फिरवली, आणि ते इंजिन शिलाई मशिनसारखं टकटकत चालू झालं. काकांनी साडेतीन वर्षांत पहिल्यांदा मागचे हात पुढे घेऊन टाळ्या वाजवल्या.

मग तो दिवस. बायको शेजारी बसली, गुडघा सांभाळून. काका गाडीच्या मागे उभे राहिले, सगळ्यांत सुरक्षित जागा म्हणून. मी क्लच दाबला, पहिला गिअर टाकला, अलगद क्लच सोडला, आणि गाडी झुळुकीसारखी मागे निघाली. काका त्यांच्या वयाला न शोभणारी उडी मारून बाजूला झाले.

मी म्हटलं, चुकून रिव्हर्स पडला. त्या वाकड्या रॉडची करामत. दुसरा टाकला. गाडी मागे. तिसरा, मागे, जरा वेगात. चौथा टाकायचं धाडस केलं नाही. रिव्हर्स शोधून टाकला. गाडी पुढे.

दोन आठवडे मी त्या रॉडला छळलं. कापला, फिरवला, पुन्हा वेल्ड केला. गिअर आता देवळातल्या खांबासारखा सरळ उभा राहतो. गाडी मागेच जाते.

खरं कारण गिअरबॉक्समध्ये होतं. दुसऱ्या वर्षी मी तो उघडला होता. उघडायची काही गरज नव्हती, थोडं तेल झिरपत होतं एवढंच, पण तोवर सोडवायची चटक लागली होती. आतला डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांना जोर वाटून देणारा भाग, बाहेर काढला, पुसला, उलट क्रमाने परत बसवला. गंमत अशी की बीटलच्या गिअरबॉक्समध्ये तो दोन्ही बाजूंनी बसतो. त्याचं मोठं दातेरी चाक पिनियनच्या, म्हणजे त्याला फिरवणाऱ्या छोट्या दातेरी चाकाच्या, एका ठरावीक बाजूला असायला हवं. ते दुसऱ्या बाजूला गेलं की सगळं छान फिरतं, फक्त उलटं. माझ्याकडे आता चार रिव्हर्स गिअर आणि पुढे जायला एक, अशी गाडी आहे. पुस्तकाप्रमाणे चाललो असतो तर हे झालं नसतं असं काका म्हणतात. मी पुस्तकाप्रमाणेच चाललो होतो. उलट क्रमाने म्हटलं होतं, सगळंच उलट केलं.

आता पुन्हा इंजिन उतरवायचं. ते मला अर्ध्या तासात जमतं, चार तर बोल्ट आहेत. मग गिअरबॉक्स, मग सगळ्या पिशव्या. शनिवारी सकाळी मी पाने मांडले, जॅक सरकवला, आणि बघतो तर बायको तयार होऊन गाडीत बसलेली, डोक्याला रुमाल बांधून.

"सोडवायचंय," मी म्हणालो.

"सोडवा की. पण आधी एक चक्कर. साडेतीन वर्षं पेडल दाबलंय मी."

"एकाच गिअरमध्ये? कोपऱ्यापर्यंत जाऊन परत यायलाही गाडी वळवावी लागेल."

"कशाला वळवायची?" ती मान मागे करून, किती अंतर आहे ते बघत म्हणाली. "जाताना एक गिअर, येताना चार. घरी लवकर पोचू."