‘फॉरेनरला नाही देत’

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर गेला आठवडाभर एकच विषय चाललाय. लांबच्या नात्यातल्या एका मुलाला म्युनिकमध्ये खोली मिळत नाहीये. सेमिस्टर सुरू झालं, पोरगा अजून प्रवाशांच्या हॉस्टेलच्या बंक बेडवर झोपतोय. खोली बघायला गेला की "कळवतो" म्हणतात आणि कळवत कुणीच नाही. झालं, ग्रुप पेटला. गोरे असेच, आपल्या पोरांची फी चालते, पोरं चालत नाहीत, वगैरे. गंमत म्हणजे हे ज्यांनी सर्वांत आधी लिहिलं त्यांचा इथे बडोद्यात, निझामपुऱ्यात टू बीएचके आहे, आणि मागच्या जूनमध्ये त्यांनी माझ्यासमोर दलालाला फोनवर सांगितलं होतं, "फॅमिली चालशे, बँकवाळा चालशे, फॉरेनरने नथी आपवुं."

ग्रुपवर मी काही बोलले नाही. तिथे वाद घातला की दिवाळीत फराळाचे डबे यायचे बंद होतात. म्हणून इथे लिहितेय.

माझी भाची जर्मनीत, आखेनला शिकते. ती गेल्यापासून जो भेटेल तो विचारतो, "रुळली का?" म्हणजे थंडी सोसते का, पोळ्या येतात का, रडते का. हे सगळं नंतरचं असतं हो. पहिले काही आठवडे पोरगी कागदांमागे धावत होती. तिथे घरात राहायला गेलं की 14 दिवसांच्या आत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा, आणि त्यासाठी घर देणाऱ्याने सही करून द्यायचा एक कागद लागतो. तो नाही तर नोंदणी नाही. नोंदणी नाही तर टॅक्स नंबर नाही, व्हिसाची मुदत वाढवायला गेलं तरी तोच कागद पुढे येतो. खर्चापोटी वर्षाचे 11,904 युरो आधीच ब्लॉक्ड खात्यात भरलेले असतात, महिन्याला 992 सुटतात. म्हणजे मुलीकडे पैसे आहेत, प्रवेश आहे, व्हिसा आहे. नाही फक्त सही करणारा माणूस.

विद्यार्थ्यांच्या सरकारी वसतिगृहाला वेटिंग. मग चार-पाच जणांनी मिळून घेतलेल्या घरातली एखादी खोली शोधायची. तिथे आधीपासून राहणारी मुलं तुमची मुलाखत घेतात, अगदी कांदेपोह्यांसारखी. स्वयंपाक करतेस का, शांत असतेस का, रविवारी काय करतेस. भाचीने अशा किती मुलाखती दिल्या ते तिनेच मोजायचं सोडलं. मधे एका महाभागाने न भेटताच डिपॉझिट मागितलं, "मी लंडनला असतो, किल्ली कुरियरने पाठवतो." हा तिथला जुनाच धंदा आहे. ज्यांची पोरं जाणार आहेत त्यांनी एवढं लक्षात ठेवा: घर कुणीतरी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पैसे पाठवायचे नाहीत. आणि डिपॉझिट मूळ भाड्याच्या तिपटीहून जास्त घेता येत नाही, तसा कायदाच आहे.

खोली अखेर मिळाली. मग नवीनच प्रकरण. तिथे पत्त्यात सहसा फ्लॅट नंबर नसतो, पत्रपेटीवर नाव असेल तरच पोस्टमन टपाल टाकतो. हिचं नाव कुणी लावलंच नव्हतं. विम्याचं कार्ड आलं तसं परत गेलं. मग हिने वहीचं पान फाडून त्यावर नाव लिहिलं, सेलोटेपने पेटीवर चिकटवलं आणि मला फोटो पाठवला, "मावशी, आता मी इथे राहते." फोटो बघून मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

आता आपल्या बडोद्याकडे या.

आपल्याकडेही बाहेरच्या देशांतून मुलं शिकायला येतात. एम. एस. युनिव्हर्सिटीत भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर येतात, वाघोडियाच्या बाजूला खासगी विद्यापीठात येतात. त्यांच्यासाठी परदेश म्हणजे आपलं बडोदा. आणि त्यांचं कागदी काम भाचीसारखंच आहे. व्हिसा 180 दिवसांहून जास्त मुदतीचा असेल तर आल्यापासून 14 दिवसांत एफआरआरओकडे, म्हणजे परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे, नोंदणी. आकडासुद्धा तोच, बघा. त्यासाठी राहत्या पत्त्याचा पुरावा हवा. आणि घरमालकाने परदेशी माणूस राहायला आल्यावर 24 तासांत सरकारला कळवायचं, ज्याला सगळे फॉर्म सी म्हणतात. हा फॉर्म म्हटलं की आपल्या लोकांच्या पोटात गोळा येतो. पोलीस येतील, चौकशी होईल, उद्या काही झालं तर आपण अडकू. अहो, ऑनलाइन भरायचा असतो. पासपोर्ट आणि व्हिसा समोर ठेवला की चहा उकळेपर्यंत होतो. आपण न भरता गुपचूप ठेवलं तर मात्र खरंच अडकू.

आमचा कारेलीबागेतला वरचा मजला मी विद्यार्थ्यांना देते. सध्या तिथे टांझानियाचा एक मुलगा आहे. तो आला तेव्हा शेजारच्या ताईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "बघून घेतलंत ना नीट?" काय बघायचं होतं कोण जाणे. पहिले काही दिवस तो खाली यायचाच नाही. मग एकदा विचारत आला, काकू, मक्याचं पीठ कुठे मिळेल? दुकानातलं पिवळं पीठ त्याला नको होतं, पांढरं हवं होतं. आता पांढरा मका म्हणजे आपल्या दाहोद-गोध्राकडचा, तिकडचे लोक त्याचेच रोटले खातात. जुन्या बाजारात धान्यवाल्याकडे मिळाला, घंटीवरून, म्हणजे गिरणीतून, दळून आणला. त्याने उकळत्या पाण्यात पीठ टाकून लाकडी उलथन्याने असं काही घोटलं की माझा हात नुसता बघून दुखला. उगाली. घट्ट गोळा, मीठसुद्धा नाही. सोबत पालक आणि टोमॅटो. मला फार आवडलं असं नाही म्हणणार, पण त्या दिवसापासून तो जिन्यात थांबून बोलायला लागला.

ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा त्याच्या आईला झोप नव्हती. पाण्याची काळजी होतीच, पण तिला कुणीतरी बडोद्याच्या रस्त्यावरच्या मगरीचा व्हिडिओ पाठवला होता. माझ्या मोडक्या इंग्रजीत मी तिला समजावलं की मगरी आमच्याकडे नदीत नेहमीच असतात. त्याने ती बाई अजूनच घाबरली.

उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांना, तर तो गच्चीवरचा हिरो. अख्खी सोसायटी त्याच्यासोबत सेल्फी काढत होती, जलेबी-उंधियू भरवत होती, "काप्यो छे" ओरडायला शिकवत होती. पुढच्याच महिन्यात त्याच्या मित्राला खोली हवी होती, म्हणून मी त्याच गच्चीवरच्या तीन घरी विचारलं. एक जागा "नुकतीच दिली" होती. एकांना "मिसेसला विचारावं लागेल." तिसऱ्यांनी निदान स्पष्ट सांगितलं, की सोसायटीत कुजबुज होईल. त्या तिसऱ्यांबद्दलच मला थोडा आदर आहे.

हे लिहिताना एक गोष्ट डोक्यातून जात नाही. 1913 साली सयाजीरावांनी बाबासाहेबांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला पाठवलं, तीन वर्षं महिना साडेअकरा पौंड. हे आपण बडोदेकर छाती फुगवून सांगतो, सांगायलाच हवं. परक्या न्यूयॉर्कमध्ये त्यांना वसतिगृहात खोली मिळाली, नवल भथेना हा पारशी मित्र सोबतीला मिळाला. शिकून 1917 मध्ये संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्यात आले, तर राहायला जागा नाही. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन लोक दारात. दोन मित्रांना विचारलं, दोघांनीही आपापली अडचण सांगितली. मग रात्रीच्या मुंबईच्या गाडीपर्यंतचा वेळ कामाठीबागेत बसून काढला. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवलीय. ज्या अस्पृश्यतेने त्यांना बाहेर काढलं ती आणि आजचं "फॉरेनर नको" एकाच मापाचं नाही, हे मलाही कळतं. पण त्या दोन मित्रांची उत्तरं आठवून बघा. एकाने नोकर सोडून जातील म्हटलं, दुसऱ्याने बायकोचं कारण पुढे केलं. मी गच्चीवर ऐकलेली उत्तरं याहून काय वेगळी होती?

आता कुणी म्हणेल, घर आमचं, अटी आमच्या. मान्य. माझीही अट आहे, वरच्या स्वयंपाकघरात मांस-मच्छी शिजवायची नाही. पहिल्याच दिवशी सांगितलं, तो म्हणाला चालेल, बाहेर खातो. रात्री मोठ्याने गाणी लावली तर मी खालून झाडूच्या दांड्याने छत ठोकते, तेवढ्यात भागतं. बडोद्याच्याच मुलांसाठीही तो दांडा उचलावा लागलाय. अट घालणं वेगळं आणि पासपोर्टचा रंग बघून दार लावणं वेगळं. पहिल्यात समोरच्याला हो किंवा नाही म्हणता येतं.

आणि त्या म्युनिकच्या मुलाचं म्हणाल तर माझी सहानुभूती त्याच्याकडेच आहे. त्याला मी भाचीचा नंबर दिलाय. ती म्हणाली, युनिव्हर्सिटीच्या नोटीस बोर्डावर कागद लाव, सुट्टीत घरी जाणाऱ्या मुलांच्या खोल्या दोन-तीन महिन्यांसाठी मिळतात, तिथून पुढचं शोध. पहिली खोली मनासारखी नसली तरी घे, पण नोंदणीचा कागद देतील का ते आधी विचार. न देणारे बरेच असतात.

आमचा भाडेकरू जूनमध्ये पदवी घेऊन जातोय, वरचा मजला रिकामा होईल. तो त्याच्या दोन ज्युनियरना आणून दाखवणार आहे. ग्रुपवरच्या ज्या मंडळींची घरं रिकामी आहेत आणि फॉर्मचीच काय ती भीती आहे, त्यांनी एखाद्या रविवारी लॅपटॉप घेऊन माझ्याकडे यावं. कसा भरायचा ते दाखवते. सेव-उसळ माझ्याकडून.