कापराची पुडी

बॅग उघडली रे उघडली की घरात सल्लागार मंडळ बसतंच. आधी केदारनाथ, मग अमरनाथ, आता कैलास-मानसरोवर. पण आत्याची कापराची पुडी काही चुकत नाही. "हुंगलं की दम लागत नाही गं." अगं आत्या, कैलासाच्या परिक्रमेतली 'डोल्मा ला' ही खिंड ५,६०० मीटरच्या वर आहे! तिथे हवेचा दाबच जेमतेम निम्मा, म्हणजे एका श्वासातला ऑक्सिजनही निम्माच. कापूर तो कुठून आणणार? नाक तेवढं गार होतं. सावकाश चढायचं, मधे मुक्काम करून शरीराला सवय लावायची, हा खरा इलाज. पण तो पुडीत बांधून देता येत नाही ना!

मग आईचा चिवडा. मी थर्मल ठेवते, ती ते काढून डबा कोंबते. झाकणाला दोन रबरबँड, वर प्लास्टिकची पिशवी, तरी गेल्या खेपेला मोज्यांतून शेंगदाणे निघाले. दादाने कोरे करकरीत बूट आणलेत, "तिकडेच काढ." ५२ किलोमीटरची परिक्रमा, कोऱ्या बुटांत!

आत्ताच बेल वाजली. शेजारच्या काकूंनी मानसरोवराच्या पाण्यासाठी कॅन पाठवलाय. पाच लिटरचा.