लिंबू-सोड्याने फिलिंग पांढरं होत नाही

'खायच्या सोड्यात लिंबू पिळा, दातांवर पाच मिनिटं घासा. आठ दिवसांत दात आणि जुनं फिलिंग एकसारखं पांढरंशुभ्र. दवाखान्यात हेच करतात, पण फिलिंग बदलायचे पैसे मिळावेत म्हणून डेंटिस्ट सांगत नाहीत.' हा संदेश फोंड्यातल्या आमच्या सगळ्या ग्रुपांवर फिरून झाला. भाचीने 'मावशी, लग्नाआधी करू का?' असं विचारलं, तेव्हा मात्र गप्प बसवेना.

दवाखान्यात हे करत नाहीत. तिथे हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा कार्बामाइड पेरॉक्साइड वापरतात. ते एनॅमलमधून, म्हणजे दाताच्या वरच्या कडक थरातून, आत डेंटिनपर्यंत, म्हणजे त्याखालच्या पिवळसर थरापर्यंत झिरपतं आणि तिथली रंगद्रव्यं मोडतं. भाचीच्या पुढच्या दाताला कॉम्पोझिटचं फिलिंग आहे, म्हणजे रेझिन (प्लास्टिकसारखा पदार्थ) आणि काचेची बारीक भुकटी. त्याचा रंग बसवतानाच दाताशी जुळवून घेतलेला असतो आणि पेरॉक्साइडने तो दातासारखा उजळत नाही. दात उजळतो, फिलिंग मागे राहतं आणि आधी न दिसणारा ठिपका उठून दिसायला लागतो. फिलिंग, क्राउन (दातावरची टोपी) आणि व्हिनियरवर (दातावर चिकटवलेला पातळ पापुद्रा) ब्लीचिंग, म्हणजे असं पेरॉक्साइडने उजळवणं, चालत नाही, असं अमेरिकन डेंटल असोसिएशनही सांगते. जे पेरॉक्साइडला जमत नाही, ते लिंबाला कुठून जमणार?

सोड्याने वरवरचे डाग निघतात, एवढं मान्य. फिलिंगच्या कडेला बसलेला चहाचा, हुमणातल्या (माशाच्या आमटीतल्या) हळदीचा पिवळेपणा थोडा कमी होईलही. पण ते काम डेंटिस्ट पॉलिश करून नीट करतो.

खरा राग येतो तो लिंबाचा. लिंबाच्या रसाचा पीएच (हा आकडा जितका कमी, तितकं आम्ल तीव्र) 2 ते 3 असतो आणि एनॅमल साधारण 5.5 च्या खालीच विरघळायला लागतं. सोडा आम्ल मारतो खरा, पण किती सोड्याला किती लिंबू, हे त्या संदेशात आहे कुठे? आम्लाने मऊ पडलेल्या एनॅमलवर वर आणि खसाखसा घासायचं! गेलेलं एनॅमल परत येत नाही. ते पातळ झालं की खालचं पिवळं डेंटिन दिसतं, म्हणजे दात आणखी पिवळे, शिवाय गार पाण्याने ठणकणारे.

डेंटिस्ट लपवतात म्हणे! ब्लीचिंगनंतर फिलिंग बदलावं लागेल, हे चांगला डेंटिस्ट आधीच सांगतो. खाजगी दवाखान्यावर भरवसा नसेल तर इथे गोव्यात बांबोळीला सरकारी डेंटल कॉलेज आहे, तिथे विचारा.

ज्यांना ब्लीचिंग करायचंच आहे, त्यांनी आधी कीड तपासून घ्यावी, मग ब्लीचिंग, आणि नवं फिलिंग त्यानंतर दोन आठवड्यांनी. दातात उरलेल्या ऑक्सिजनमुळे रेझिन लगेच नीट धरत नाही आणि दाताचा रंगही तोवर स्थिर झालेला नसतो. लग्न महिन्याभरावर आलं असेल, तर आजच अपॉइंटमेंट घ्या.