लाड नाहीत हो काका ते

काका, तुमची प्रतिक्रिया काल रात्रीच वाचली पण लगेच उत्तर दिलं नाही, रागात लिहिलं गेलं असतं. माझ्या लेखात मी लिहिलं होतं की ज्याला नीट बोलून सांगता येत नाही असा माणूस मारतो-चावतो तेव्हा आधी त्यामागचं कारण शोधा. तुमचं म्हणणं असं की हे मारणाऱ्याचे लाड आहेत, खोलीत बंद ठेवलं नाहीतर शांत करणारी औषधाची गोळी वाढवली की सरळ होतात, आणि मार खाणाऱ्या आईचा विचार कोण करणार. हे शेवटचं तुमचं अगदी बरोबर आहे. आईच्या मनगटावर चावल्याचा डाग अजून आहे आणि मी अख्ख्या लेखात तिच्याबद्दल एक ओळ लिहिली नाही, चुकलं माझं.

बाकीचं नाही पटत. माझा भाऊ ३१ वर्षांचा आहे, बोलतो पाच-सहा शब्द. दोन वर्षांपूर्वी तो रोज सकाळी भिंतीवर डोकं आपटायचा आणि जवळ जाईल त्याला चावायचा. खोलीत बंद करून आम्हीही पाहिलंय, मी स्वतः कडी लावलीय बाहेरून. झालं काय, तर कडीचा आवाज आला की तो आधीच चावायला धावायचा.

मग त्याच्या स्पेशल एज्युकेटर, म्हणजे विशेष गरजा असलेल्यांना शिकवणाऱ्या ताईंनी वही करायला लावली. आधी काय झालं, त्याने काय केलं, नंतर आपण काय केलं, बस तीन रकाने. मला पक्कं वाटायचं की कचरागाडीच्या गाण्याचा त्रास होतोय, आपल्या इंदूरात सकाळी ते गाणं गल्लीत शिरलं की सगळं घर जागं होतं. पण वहीत गाडी यायच्या आधीही आपटणं होतं, आणि गाडी येऊन गेली तरी हा शांत असेही दिवस होते. ज्या दिवशी शेव घातलेले पोहे त्या दिवशी आपटणं, आणि मऊ उपमा असला की काही नाही. दाढ किडलेली निघाली, पार आतपर्यंत. ती काढल्यावर आपटणं जवळजवळ थांबलं. सांगता येत नव्हतं हो त्याला, आणि आम्ही चार महिने त्याला हट्टी म्हणत होतो.

चावणं मात्र राहिलं, ते आंघोळीच्या वेळी. चावला की आई हात मागे घ्यायची आणि आंघोळ टळायची. म्हणजे बक्षीस आम्ही आधीपासून देतच होतो, चावण्याला. आता त्याला हाताचा पंजा दाखवून 'थांब' म्हणायला शिकवलंय, पंजा दिसला की आई खरंच थांबते, अर्धा मिनिट, मग परत पाणी. तीच सुटका, पण मागितल्यावर, चावल्यावर नाही. कार आणि ड्युरँड या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये अमेरिकेत ४ मुलांना असंच, हवं ते बोलून मागायला शिकवलं होतं आणि त्यांचा त्रास देणं कमी झालं होतं. आमच्याकडे सुरुवातीला चावणं वाढलं, चावून आंघोळ टळेना ना आता, म्हणून त्याने जोर लावून पाहिला. ते पंधरा दिवस आईने भर मे महिन्यात जाड जीन्सचं जॅकेट घालून त्याला आंघोळ घातली. ताईंनी धीर दिला नसता तर आम्ही सोडूनच दिलं असतं.

गोळीबद्दल. भावाला एक चालू आहे, मी गोळीच्या विरोधात नाही, आणि कोणी आपल्या मनाने बंदही करू नका. पण ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात बौद्धिक अक्षमता असलेल्या, अशाच आक्रमक वागणाऱ्या ८६ जणांवर चाचणी झाली होती, २००८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. रिस्पेरिडोन आणि हॅलोपेरिडॉल ही शांत करायला देतात ती दोन औषधं, आणि तिसरी औषध नसलेली खोटी गोळी, तिन्हींनी मारणं कमी झालं आणि सगळ्यात जास्त कमी खोट्या गोळीने. मग नुसता डोस वाढवून काय मिळणार? आणि गोळीने सुस्त झालेला माणूस दाढ दुखतेय हे कसं दाखवणार?

तुम्ही लिहिलंय की तुमचा पुतण्या फक्त संध्याकाळी मारतो, आणि आजीला कधीच मारत नाही. काका, मला तर हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. संध्याकाळी घरात काय काय असतं, कोण येतं, टीव्ही किती मोठा असतो, जेवण किती वाजता? आणि आजी असं काय करते जे बाकीचे करत नाहीत? आठवडाभर लिहून काढा आणि मला पाठवा, मी ताईंना दाखवते.