रविवार कोणी मिळवला? तुमच्या आक्षेपांना उत्तर

नमस्कार,

एकोणिसाव्या शतकातले मुंबईच्या गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. रविवारची सुट्टी त्यांनी 'भारताला' मिळवून दिली हे खोटं आहे. त्यांची बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन ही गिरणी कामगारांची संघटना खरी युनियन नव्हतीच. आणि गिरण्यांसाठी कायदे झाले ते इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापडगिरणी मालकांना मुंबईची स्पर्धा खुपत होती म्हणून. शेवटी लिहिलंत, 'विसरलेल्यांना उकरून काढून देव करायची हल्ली फॅशन आहे.'

पहिला आक्षेप पूर्ण मान्य. चूक माझीच. सरकारी कचेऱ्या त्याआधीपासून रविवारी बंद असत. १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली ती गिरणी कामगारांची. 'भारताला' हा शब्द मी उत्साहाच्या भरात लिहिला.

युनियनचंही तुमचं खरं आहे. असोसिएशनकडे सभासदांची यादी नव्हती, निधी नव्हता, नियमावली नव्हती. त्या काळच्या सरकारी अहवालानेही हे नोंदवलंय, आणि लोखंडे येईल त्या कामगाराला स्वखुशीने सल्ला देतात, असंही म्हटलंय. तुम्हाला यात उणेपणा दिसतो. मला मात्र हेच वाचून त्यांच्याबद्दल जास्त वाटायला लागलं. ते 'दीनबंधु' या साप्ताहिकाचे संपादक होते, काही काळ स्वतः गिरणीत स्टोअरकीपर होते. अडलेल्या कामगाराला जाऊन बोलता येईल असं एक दार शहरात होतं, आणि ते वर्गणीची पावती मागत नव्हतं.

आता लँकेशायर. तिथल्या मालकांचा स्वार्थ होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. इथल्या मजुराचे तास कमी झाले की इथलं कापड महागणार, हे त्यांना पक्कं कळत होतं. पण म्हणून सगळं श्रेय किंवा सगळा दोष तिकडे टाकायचा असेल, तर सप्टेंबर १८८४ चा अर्ज एकदा डोळ्यांखालून घाला. मुंबईत सभा झाली आणि अर्जावर ५,५०० कामगारांच्या सह्या झाल्या. मागण्या काय होत्या? दर रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावं आणि सूर्यास्ताला थांबावं. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार, आणि कायमचा अधू झाला तर पोटापाण्याची सोय.

यातला 'सूर्यास्त' हा शब्द बघा. गिरण्यांत अजून विजेचे दिवे नव्हते. काम उजेडावर चालायचं, म्हणजे दिवसाचे तास ऋतू ठरवायचा. हिवाळ्यात थोडे कमी, उन्हाळ्यात तेराच्या आसपास. अशा दिवसात मागितलाय काय, तर अर्धा तास. दोन घास बसून खाता यावेत एवढाच वेळ. आणि १५ तारखेच्या पगारात लँकेशायरमधल्या मँचेस्टरच्या मालकाचा काय फायदा? तुटलेल्या हाताच्या भरपाईत कुठली स्पर्धा? ही कलमं ज्याच्या घरी पगार उशिरा पोचत होता त्याचीच आहेत. १८९१ च्या कायद्यात साप्ताहिक सुट्टी आणि दुपारचा अर्धा तास आला. जखमींच्या भरपाईचा कायदा यायला १९२३ उजाडलं, पगार वेळेवर देण्याचा यायला १९३६. लोखंडे १८९७ च्या फेब्रुवारीत, प्लेगच्या साथीत गेले. यातलं निम्मंसुद्धा त्यांनी पाहिलं नाही.

देव करण्याबद्दल एवढंच सांगतो की तुमच्या आक्षेपाची धार मला पटते. आपल्याकडे माणूस विसरला जातो तो एकदम, आणि आठवतो तोही एकदम, पुतळ्याच्या मापाचा. मधलं सगळं गळून जातं. लोखंड्यांचं नाव तरी आज टपाल तिकिटावर आहे. पण सही करणाऱ्या त्या ५,५०० जणांचं काय? २४ एप्रिल १८९० च्या सभेला सुमारे दहा हजार कामगार जमले होते आणि त्यांच्यासमोर दोन कामगार स्त्रिया उठून बोलल्या. १८९० साली, दहा हजारांपुढे! चळवळीच्या इतिहासात त्या बहुतेक वेळा 'दोन स्त्रिया' एवढ्याच येतात. माझ्या लेखात तर तेवढ्याही आल्या नव्हत्या. तुम्ही हे काढलं नसतंत, तर मला ती उणीव जाणवलीही नसती, म्हणून मनापासून आभार.

मूळ लेखातलं ते वाक्य आज बदललं. आता तिथे असं आहे: 'मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा वर्षं अर्ज केले, सभा घेतल्या आणि रविवार मिळवला. त्यांचे अर्ज लिहायला, सभा भरवायला नारायण मेघाजी लोखंडे होते. शेवटच्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या.'