मोजलंस, का कुणी सांगितलं?

आज सकाळी ट्रकच्या पहिल्या सर्व्हिसिंगला गेले होते. काउंटरवरच्या पोराला म्हटलं, बाबा रे, काचेवरच्या कंपनीच्या स्टिकरवर गॅलनला २० मैल लिहिलंय आणि मला १७ सुद्धा मिळत नाहीत, काही बिघाड आहे का बघ. त्यानं स्क्रीनवरची नजर न काढता सांगितलं, "एरर कोड काही नाही मॅम, चालवण्याच्या सवयीवर असतं ते." माझ्या हातात पेट्रोलच्या हिशेबाची वही होती. उघडून धरली होती त्याच्यापुढे. बघितलीसुद्धा नाही.

जाऊ दे म्हटलं. लेकीपेक्षा चार वर्षांनी मोठा असेल जेमतेम. घरी आले, चहा टाकला, फोन उघडला, तर इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर आपल्यातल्याच एका गृहस्थांनी त्यांच्या नव्या ट्रकच्या डॅशबोर्डचा फोटो टाकलेला. २६.१ एमपीजी, म्हणजे गॅलनला मैल! खाली अंगठे, टाळ्या, "क्या बात है सर". मी आपलं सरळपणानं लिहिलं की आम्हाला १७ च्या आत पडतं. दोन मिनिटांत उत्तर: "ताई, रेस हळू द्यायची असते." पुढे हसरा चेहरा.

तो फोटो मी मोठा करून बघितला. कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलंय, ट्रिप ११.४ मैल. म्हणजे साहेबांनी कुठेतरी रस्ता मोकळा बघून मीटर शून्यावर आणला, जेमतेम साडेअकरा मैल पंचावन्नच्या वेगानं देवासारखी गाडी चालवली आणि फोटो काढला. ह्याला ॲव्हरेज म्हणतात? मग मीही रोज सकाळी पोट आत घेऊन वजनकाट्यावर उभी राहते, त्याचा फोटो टाकू का?

तिकडच्या मंडळींसाठी सांगते, इथे अमेरिकेत ट्रक म्हणजे दहा चाकी नव्हे. पिकअप. पण आपल्या बोलेरो पिकअपशेजारी उभा केला तर ती त्याचं पिल्लू वाटेल. एकोणीस फुटांच्या वर लांबी, रिकामा असताना अडीच टनांच्या आसपास, पुढे ट्विन टर्बो व्ही-सिक्स इंजिन. आत बसायला पायरी लागते. नवऱ्याचं पंधरा वर्षांचं स्वप्न, मे महिन्यात पुरं झालं. मागचा हौदा वर्षातले साडेतीनशे दिवस रिकामा असतो, हे मला माहीत आहे. कमेंटमध्ये लिहू नका.

आमच्या स्टिकरवर शहरात १८, हायवेला २४, दोन्ही मिळून २०. जूनपासून ११ वेळा टाकी भरली, ४,१८० मैल झाले आणि २४८ गॅलन गेले. भागाकार करा. १६.८५. आपल्या हिशेबात लिटरला सात किलोमीटर आणि वर चिल्लर. डॅशबोर्ड ह्याच चार महिन्यांचे १८.३ दाखवतो. म्हणजे गाडीसुद्धा आपल्या मालकाला बरं वाटेल असंच बोलते.

हे मोजायचं खूळ माझं नाही. आण्णांचं, माझ्या वडिलांचं. ज्यांना आण्णा माहीत आहेत त्यांना वहीही माहीत असेल. सांगलीत आमची एक मॅटॅडोर होती, हळद आणि बेदाणा घेऊन वाशी मार्केटला जायची. पुढच्या खणात रेक्झिनच्या कव्हरची लांबट वही. पहिल्या पानावर श्री, मग उभे रकाने: तारीख, किलोमीटर, लिटर, कुणी भरलं. वहीला हळदीचा वास यायचा आणि पानं कडेनं पिवळी झालेली असायची. रविवारी संध्याकाळी भागाकार मी करायचे. मी पाचवीत होते. शाळेत बाईंनी दशांश अपूर्णांक शिकवायच्या आधी मला ते डिझेलनं शिकवले.

आण्णा ह्या जूनमध्ये पहिल्यांदा इकडे आले. ऑस्टिनच्या विमानतळावर त्यांना हाताला धरून पायरीवरून चढवलं, बेल्ट लावला. बावीस तासांचा प्रवास करून आलेला माणूस. तब्येत नाही विचारली, नात कशी आहे नाही विचारलं. पहिला प्रश्न: "ॲव्हरेज काय देतीया?"

"वीस," मी म्हटलं.

"मोजलंस, का कुणी सांगितलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी नातीच्या शाळेच्या सामानातली एक काळी-पांढरी ठिपक्यांची वही त्यांनी मागून घेतली, पट्टीनं रकाने आखले आणि वर श्री लिहिलं. सर्व्हिसच्या काउंटरवर आज मी धरली होती ती हीच वही.

आता त्या स्टिकरचं सांगते, कारण "कंपनी खोटं बोलते" असं म्हणून मोकळं होणारे पण मला आवडत नाहीत. नव्या गाडीच्या काचेवर किमतीचा कागद लावायचा कायदा इथे १९५८ चा. मोनरोनी नावाच्या सिनेटरनं आणला म्हणून त्याला अजून मोनरोनी स्टिकर म्हणतात. ॲव्हरेजचे आकडे नंतर सत्तरच्या दशकात आले, अरबांनी तेल अडवल्यावर. ते रस्त्यावर मोजत नाहीत. बंद खोलीत, रोलरवर चाकं फिरवून मोजतात. चाचण्या बहुतेक कंपन्या स्वतःच करतात आणि ईपीए, म्हणजे इथली सरकारी पर्यावरण संस्था, काही गाड्या घेऊन फेरतपासणी करते. मूळची हायवेची चाचणी ऐका: सरासरी वेग ताशी ४८ मैल, जास्तीत जास्त ६०. टेक्ससमध्ये ४८ नं हायवेला गाडी चालवली तर मागचा माणूस हॉर्न वाजवत नाही, सरळ खाली उतरून विचारतो, काही होतंय का तुम्हाला. २००८ पासून त्यात वेगाच्या, एसीच्या आणि थंडीच्या चाचण्याही धरतात, त्यामुळे आकडा पूर्वीपेक्षा बराच खरा झालाय. हे कबूल करायला हवं. केलं.

पण आमच्याकडे ऑस्टिनच्या पूर्वेकडून सेगीनला जाणारा १३० नंबरचा टोल रोड आहे. पाटीवर वेगमर्यादा ८५. अख्ख्या अमेरिकेत एवढी मोठी मर्यादा दुसरीकडे नाही. सॅन अँटोनियोला जाताना नवरा तिकडूनच घेतो, टोल भरतो आणि वर "वेळ वाचला" म्हणतो. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो, हे आपण सगळे अकरावीत शिकलोय. ६० चे ८५ केले की अडथळा दुप्पट. आणि नाक केवढं ह्या गाडीचं! कपाटाला चाकं लावल्यासारखं. त्या रस्त्यावरची वहीतली नोंद १५.१ आहे. कुणी भरलं ह्या रकान्यात नवऱ्याचं नाव आहे. ग्रुपवर रेस हळू द्यायचा सल्ला मात्र मला!

बाईच्या हातात स्टिअरिंग दिसलं की ॲव्हरेजचा दोष पायाला कसा काय जातो, हे मला एकदा कुणीतरी समजावून सांगा. त्याच ग्रुपवर मागच्या वर्षी दुसऱ्या एकानं १५ मिळतात म्हणून लिहिलं, तेव्हा सगळ्यांनी इंजिनाला शिव्या दिल्या होत्या. तिथे कुणाला पायाची आठवण झाली नाही.

(हो, जुलैमध्ये टायर बदलले. जाडजूड, खडबडीत, डोंगरात जायचे. डोंगर कुठाय इथे ते विचारू नका. त्यानं एखादा मैल जातो. मान्य. सेल्समननं नाही बसवले, आम्हीच बसवले.)

आणि पंपावर मिळतं ते दहा टक्के इथेनॉल मिसळलेलं. त्यात तीनेक टक्के जातात. ह्यावर मी जास्त बोलणार नाही. इकडे ते मक्याचं असतं, तिकडे उसाचंही, आणि माझे दोन चुलते ऊस लावतात. तिकडे आता ई-२० वरून, म्हणजे वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवरून, किती भांडणं चाललीत ते आमच्या फॅमिली ग्रुपवर दिसतंच. दिवाळीत घरी जायचंय मला.

सगळ्यात मजा आली ती ऑगस्टमध्ये. मंडळाच्या गणपतीची आरास ह्यूस्टनच्या मंडळाकडून आणायची होती. "ट्रक कशाला घेतला गं, पेट्रोल किती पितो" म्हणणाऱ्या सगळ्यांना त्या आठवड्यात माझा नंबर बरोबर सापडला. भाड्याचा बंद ट्रेलर जोडला. आण्णा पुढे बसले, हातात वही. तिकडे सामान भरताना त्यांनी आत डोकावून बघितलं. थर्मोकोलचे खांब, पुठ्ठ्याचं मखर, पडदे. दोन माणसांनी उचलून ट्रेलर भरला. आण्णा म्हणाले, "ह्यात वजन काय हाय? मोकळीच चाललीय गाडी."

१६५ मैल आलो. पंपावर उभं राहून आण्णांनी स्वतः भागाकार केला. ९.८. मी म्हटलं, तुमचं काहीतरी चुकलं. आजवर माझ्या चुका त्यांनी काढल्यात, म्हटलं एकदा आपली पाळी. परत केला. ९.८. सपाट रस्ता, वेग ६५, मागे थर्मोकोल!

आण्णा थोडा वेळ ट्रेलरकडे बघत राहिले. त्याचं तोंड ट्रकच्या टपाच्याही वर गेलेलं, चौकोनी, भिंतीसारखं. मग हसायलाच लागले. "कडबा," म्हणाले. "कडब्याची गाडी अशीच खाती." सीझन नसला की ते मॅटॅडोरमध्ये कडबा भरायचे, टपाच्या वर पुरुषभर उंच. हळदीच्या पोत्यांच्या निम्मं वजन नसायचं, पण डिझेल हळदीइतकंच, कधी जास्त. "वजन घाटात खातं, वारा सपाटीला खातो. खंबाटकी चढताना हळद जड, पण पुढं शिरवळपासनं कडबा जड." टेक्ससमधल्या पंपावर, ३९ डिग्रीत, पांढरा सदरा-पायजमा घातलेला माणूस हे बोलत होता आणि मी ते फोनवर रेकॉर्ड केलं नाही. ह्याचं मला अजून वाईट वाटतं.

पाच इयत्ता शिकलेल्या माणसाला हे कळतं. मोठ्या आवाजात "एवढे एवढे पाउंड ओढते" अशी जाहिरात करणारे ओढताना किती पितो ते सांगत नाहीत, कारण स्टिकरवर ट्रेलरचा रकानाच नाही. शेजाऱ्याचा ट्रक तर आमच्यापेक्षा एक नंबर मोठा, साडेआठ हजार पाउंडांच्या वरच्या वर्गातला. त्या वर्गाला स्टिकरवर ॲव्हरेज लिहायचं बंधनच नाही. कोरी पाटी. तो सुखी आहे.

अजून एक. आण्णांच्या जुन्या वहीत "लिटरला किती किलोमीटर" हा रकानाच नव्हता. तो मी करायचे, माझ्या हौसेनं. ते लिहायचे "वाशी फेरी, जाताना ३८ लिटर". तेव्हा मला ते अडाणी वाटायचं. आता कळतंय. नवरा म्हणतो, ट्रकचं सोड, तुझी छोटी गाडी ३३ देते, ती बदलून ४० वाली घेऊ, सात मैल वाढतील. वर्षाला १२,००० मैल धरा. ३३ वरून ४० वर गेलं तर वाचतात ६४ गॅलन. ट्रक १७ वरून २० वर आला, फक्त तीन मैल, तर वाचतात १०६. स्वयंपाकघरातल्या कॅल्क्युलेटरवर दोनदा करून दाखवलं त्याला. स्टिकरवर खाली बारीक अक्षरांत १०० मैलांना किती गॅलन ते लिहिलेलं असतं, तीच आण्णांची फेरी. ते कुणी वाचत नाही. त्याचा फोटो कुणी ग्रुपवर टाकत नाही.

लिहिताना राग जरा उतरलाय. तो सर्व्हिसवाला पोरगा तरी काय करणार, त्याला दिवसभर आमच्यासारखे पन्नास जण तेच विचारत असतील, आणि त्यातल्या किती जणांकडे वही असेल? गृहस्थांवरचा राग मात्र आहे तिथेच आहे. ११.४ मैल!

मघाशी वहीच्या चारही पानांचे फोटो आण्णांना व्हॉट्सॲपवर पाठवले. तिकडे पहाटेचे पाच वाजले असतील, पण ते उठलेले असतातच. खाली लिहिलं, "बघा, सगळं तुमच्यासारखं लिहिलंय. १६.८५." म्हटलं, शाबास म्हणतील.

वीस मिनिटांनी व्हॉइस मेसेज आला. मागे कोंबडा ओरडतोय.

"१५ जुलैला नुसतं १२ गॅलन दिसतंय. टाकी फुल्ल केली न्हाई. आन् फुडं कुणी भरलं तो रकाना मोकळा हाय. कोण हुतं?"

नवरा शेजारीच बसलाय. चार वेळा ऐकवलं. अजून आठवत नाही म्हणतो.