त्र्याण्णव टक्के थाप

"मावशी, शब्दांना सातच टक्के असतात. सरांनीच पाठवलंय."

भाचीनं वक्तृत्व स्पर्धेच्या भाषणातून दोन उदाहरणं आणि एक अख्खा युक्तिवाद उडवला होता, आणि वाचलेल्या वेळात आरशासमोर हातवारे बसवणं चाललं होतं. मुद्दा कुठे गेला, असं विचारलं तर हे उत्तर आलं. पुरावा म्हणून फोन माझ्या नाकासमोर.

मेसेज बऱ्याच जणांनी पाहिला असेल. त्याचं म्हणणं असं: कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधनानुसार श्रोत्यांवर पडणाऱ्या प्रभावात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५. म्हणूनच अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांच्या चर्चेत केनेडी टीव्हीवर जिंकले आणि निक्सन रेडिओवर. भाषणाआधी दोन मिनिटं कमरेवर हात ठेवून उभं राहिलं की शरीरातली रसायनं बदलतात. नजर चुकवणारा खोटं बोलत असतो. पिकासोच्या 'गेर्निका'त एकही शब्द नाही, तरी जग हादरलं. तात्पर्य, मजकुरावर डोकं शिणवू नका, सादरीकरणावर मेहनत घ्या. आणि हा मेसेज दहा जणांना पाठवा.

आधी त्या टक्क्यांकडे बघू, कारण बाकीचा डोलारा त्यावरच उभा आहे.

आकडे अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाचे आहेत. संशोधन खरं आहे, १९६७ साली प्रसिद्ध झालेलं आहे. फक्त ते भाषणांवर नाहीच. एका प्रयोगात लोकांना सुटे शब्द ऐकवले: 'थँक्स', 'डिअर' असे गोड, 'मेबी', 'रिअली' असे मधले, 'डोन्ट', 'टेरिबल' असे कडवट. तेच शब्द कधी प्रेमळ सुरात, कधी सपाट, कधी तुसड्या. प्रश्न एवढाच की बोलणारीला समोरची व्यक्ती आवडते की नाही, ओळखा. दुसऱ्या प्रयोगात तर 'मेबी' हा एकच शब्द होता. तो वेगवेगळ्या सुरांत ऐकवायचा, सोबत बाईच्या चेहऱ्याचा फोटो दाखवायचा, आणि पुन्हा तोच प्रश्न.

'मेबी' का निवडला, तर त्यात आवड-नावड काहीच कळत नाही म्हणून. म्हणजे शब्दातला अर्थ मुद्दाम काढून घ्यायचा आणि मग निष्कर्ष काढायचा की शब्दात अर्थ फारसा नसतो! मेहराबियन यांनी हा निष्कर्ष काढला नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. तो काढला पुढच्या व्यक्तिमत्त्व-विकासवाल्यांनी. शब्द, आवाज आणि चेहरा हे तिन्ही एकत्र असलेला प्रयोग या दोन्हींत नव्हताच. एकात शब्द विरुद्ध सूर, दुसऱ्यात सूर विरुद्ध चेहरा. दोन्हींचे आकडे जोडून ते सूत्र बनलं. आणि सूत्र कशाचं? बोलणाऱ्याला समोरची व्यक्ती आवडते की नाही, या अंदाजाचं. मेहराबियन यांनी स्वतःच्या संकेतस्थळावर स्पष्ट लिहून ठेवलं होतं की बोलणारा भावना किंवा आवड-नावड यांविषयी बोलत नसेल, तर ही समीकरणं लागूच होत नाहीत. ज्याचे आकडे, तोच नको म्हणतोय, आणि आपले सर मात्र हो म्हणतायत.

यातलं अर्धं सत्य नाइलाजानं मान्य करते. शब्द आणि चेहरा एकमेकांच्या विरोधात गेले की आपण चेहऱ्यावर विश्वास ठेवतो. "मी कुठे चिडलेय?" असं दात-ओठ खाऊन म्हटलं तर कोण विश्वास ठेवेल? तेवढ्यापुरतं सूत्र ठीक. पण एवढ्याशा गोष्टीवरून 'सर्व संवादाचे ९३ टक्के' हे म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला.

आता हेच सूत्र भाषणांना लावून बघा. १२ मार्च १९३३. अमेरिकेत बँका बंद आहेत, लोक धास्तावलेत, आणि राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट रेडिओवर येतात. चेहरा नाही, म्हणजे ५५ टक्के गेलेच. सुरुवातीलाच ते सांगतात की मला काही मिनिटं बँकांविषयी बोलायचं आहे. मग समजावतात: तुम्ही ठेवलेले पैसे बँक तिजोरीत कोंडून ठेवत नाही, ती ते कर्जाऊ देते, गुंतवते, सगळे एकाच दिवशी मागायला आले तर धडधाकट बँकही देऊ शकणार नाही. कुठल्या बँका कधी आणि कशा क्रमानं उघडतील, तेही सांगतात. दुसऱ्या दिवसापासून बँका उघडू लागल्या आणि लोक रांगा लावून पैसे परत भरायला आले. आवाज धीराचा होता, कबूल. पण कारण कळलं नसतं, तर नुसत्या धीराच्या आवाजावर कुणी गादीखालचे पैसे बँकेत नेले असते का?

राष्ट्राध्यक्ष लिंकन यांचं गेटिसबर्गच्या सैनिकी दफनभूमीच्या समर्पण सोहळ्यातलं भाषण, १९ नोव्हेंबर १८६३. त्या दिवसाचे मुख्य वक्ते होते एडवर्ड एव्हरेट, नावाजलेले, कसलेले. ते दोन तास बोलले. लिंकन साधारण २७० शब्द बोलून दोनेक मिनिटांत खाली बसले. त्यांचा आवाज चिरका होता असं ऐकणाऱ्यांनी नोंदवलंय. दुसऱ्या दिवशी एव्हरेट यांनीच त्यांना लिहिलं की तुम्ही दोन मिनिटांत प्रसंगाच्या गाभ्याजवळ जितके पोचलात तितकं मला दोन तासांत पोचता आलं असतं तर समाधान वाटलं असतं. सादरीकरणाचा बादशहा शरण गेला तो कुणाच्या हातवाऱ्यांना नव्हे. आपल्याकडेही 'जन्मसिद्ध हक्क' एवढं म्हटलं की पुढचं वाक्य ऐकणारा स्वतः पूर्ण करतो, आणि ते टिळकांच्या तोंडून ऐकलेलं आज कुणी हयात नाही.

"पण मार्टिन ल्यूथर किंग?" हा प्रश्न भाचीचाच, आणि रास्त. २८ ऑगस्ट १९६३ चं वॉशिंग्टनचं भाषण म्हटलं की सगळ्यांना तो चढत जाणारा आवाज आणि स्वप्नाची ओळ आठवते. तो भाग लिहून आणलेल्या मजकुरात नव्हता. गायिका महालिया जॅक्सन जवळून ओरडल्या की त्यांना स्वप्नाचं सांग, आणि किंग यांनी कागद सोडला. तिथे आवाजानं कमाल केली, नाकारत नाही. पण त्याआधी काय घडलंय ते कुणी ऐकतच नाही. किंग म्हणतात, राज्यघटना आणि स्वातंत्र्याचा जाहीरनामा ही या देशानं प्रत्येक नागरिकाला लिहून दिलेली वचनचिठ्ठी आहे. कृष्णवर्णीयांना मात्र त्याबदल्यात न वटणारा चेक मिळाला, 'खात्यात पुरेशी शिल्लक नाही' असा शेरा मारून परत आलेला. आणि न्यायाच्या बँकेचं दिवाळं निघालंय हे आम्हाला मान्य नाही, म्हणून आम्ही चेक वटवायला आलोय.

यात काय साधलंय ते बघा. दया मागायला आलेला माणूस एका झटक्यात धनको झालाय आणि समोरचं सरकार देणेकरी. विनंती संपली, वसुली सुरू झाली. शिवाय देणं कुणी ठरवलं? तुमच्याच पूर्वजांनी, तुम्हाला पूज्य असलेल्या कागदावर. मग विरोध करणाऱ्याला आधी आपलाच कागद खोटा म्हणावा लागतो. ही पकड शब्दांची आहे, आणि ती बसल्यावरच पुढच्या स्वप्नाला हक्काचं वजन येतं; नाहीतर ते नुसतं गोड स्वप्न राहिलं असतं. भाचीनं भाषणातून काढून टाकला होता तो नेमका असला भाग.

मला सगळ्यात राग येतो तो इथे. तोतरं बोलणारा मुलगा, ज्याचा चेहरा आजारानं हलत नाही असा माणूस, किंवा नुसतीच लाजरी मुलगी, या सगळ्यांना हा मेसेज सांगतो की तुझ्याकडे मांडायला काहीही असो, सात टक्क्यांपलीकडे तुला किंमत नाही. आणि ज्याच्याकडे मांडायला काहीच नाही, पण हात छान हलतात, त्याला सांगतो की तू तयार आहेस. अशा तयार लोकांची आपल्याकडे टंचाई आहे का?

केनेडी-निक्सन. पहिली चर्चा २६ सप्टेंबर १९६० ची. निक्सन आजारातून उठलेले, वजन उतरलेलं, रंग उडालेला. पडद्यावर ते केविलवाणे दिसले हे खरंच. रेडिओवाल्यांना निक्सन जिंकले असं वाटलं, हे मात्र मुख्यतः एका सर्वेक्षण कंपनीच्या पाहणीवर उभं आहे. त्यात रेडिओ ऐकणारे थोडे होते, आणि रेडिओवर अवलंबून असलेला मतदार मुळातच निक्सनकडे झुकलेला असण्याची शक्यता दाट होती. १९८७ साली दोन अभ्यासकांनी ही कथा उसवून ठेवली. तरी २००३ मध्ये जेम्स ड्रकमन यांनी ती चर्चा काहींना दाखवली, काहींना नुसती ऐकवली, तेव्हा पाहणाऱ्यांना केनेडी अधिक सरस वाटले. म्हणजे चित्राचा परिणाम होतो. होतोच. त्यातून ५५ हा आकडा कसा निघतो, ते मेसेजवाल्यांनी दाखवावं.

कमरेवरचे हात: याचं मूळ म्हणजे ऐटदार पवित्र्यांचा २०१० चा ४२ जणांवरचा प्रयोग. २०१५ मध्ये २०० जणांवर करून पाहिला तर हार्मोन ढिम्म हलले नाहीत; पवित्रा घेणाऱ्याला आपण दमदार आहोत असं वाटलं, इतकंच. मूळ शोधनिबंधाच्या पहिल्या लेखिकेनंच २०१६ मध्ये जाहीर केलं की हा परिणाम खरा आहे असं मला आता वाटत नाही. भीती जात असेल तर खुशाल उभे राहा.

नजर चुकवणं: खोटं ओळखण्याच्या प्रयोगांचा २००६ मध्ये मोठा आढावा घेतला गेला. लोकांचा अंदाज शंभरात ५४ वेळा बरोबर येतो. नाणं उडवलं तरी ५० वेळा येतोच. यावरून कुणाला खोटारडं ठरवू नये, बस.

राहिलं 'गेर्निका', 'एकही शब्द नसलेलं चित्र'. २६ एप्रिल १९३७ ला जर्मन आणि इटालियन विमानांनी स्पेनच्या बास्क प्रदेशातलं गेर्निका हे गाव बेचिराख केलं. पिकासो तेव्हा पॅरिसमध्ये. त्यानं काही पाहिलं नव्हतं. त्याच्यापर्यंत पोचल्या त्या वर्तमानपत्रातल्या बातम्या, म्हणजे शब्द. जॉर्ज स्टीअर या बातमीदाराचा वृत्तांत लंडनच्या 'टाइम्स'मध्ये २८ एप्रिलला आला, पॅरिसमध्येही छापला गेला, आणि १ मेपासून पिकासोची रेखाटनं सुरू झाली. चित्र काळं-पांढरं-करडं आहे. मधल्या घोड्याच्या अंगाजवळ जाऊन बघा: बारीक उभ्या फराट्यांच्या ओळीच्या ओळी, जणू छापील रकाने.

आता चित्रात शोधा: विमान कुठे आहे? बॉम्ब? शत्रूचा गणवेश, झेंडा? काही नाही. बैल आहे, घोडा आहे, मेलेलं मूल घेतलेली आई आहे, दिवा आहे. कुणी मारलं, कुठे मारलं, हे सांगणारी एकच गोष्ट म्हणजे चित्राचं नाव. ते काढून घ्या. वेदना उरेल, आरोप नाहीसा होईल. ५ फेब्रुवारी २००३ ला अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल इराकवरच्या हल्ल्याची बाजू मांडायला संयुक्त राष्ट्रांत आले, तेव्हा सुरक्षा परिषदेबाहेरची या चित्राची विणलेली प्रतिकृती निळ्या पडद्यानं झाकलेली होती. अधिकाऱ्यांनी कॅमेऱ्यांच्या सोयीचं कारण दिलं. बैल आणि घोडा कॅमेऱ्याला का गैरसोयीचे वाटावेत, हे चित्राचं नाव माहीत असलेल्याला कळतं.

आणखी एक चित्र घ्या, दाव्याला याहून वाईट. दाव्हीद या फ्रेंच चित्रकाराचं १७९३ मधलं 'माराचा मृत्यू'. मारा हा फ्रेंच क्रांतीतला नेता न्हाणीच्या टबात भोसकला गेला, आणि क्रांतिपक्षाचाच असलेल्या दाव्हीदनं त्याला हुतात्मा केलं. देहाची भाषा इथे जबरदस्त आहे: माराला त्वचारोग होता, चित्रात कातडी स्वच्छ, निसटलेला हात थेट क्रूसावरून उतरवलेल्या ख्रिस्ताच्या चित्रांची आठवण देणारा. पण दाव्हीद तेवढ्यावर थांबला नाही. माराच्या हातात त्यानं मारेकरी शार्लोट कोर्देचं पत्र दिलं, वाचता येईल असं, ज्यात ती आपल्या दुःखाचा हवाला देऊन त्याची कृपा मागते. शेजारच्या लाकडी खोक्यावर माराची चिठ्ठी आणि नोट: देशासाठी पती गमावलेल्या, पाच मुलांच्या आईला हे पैसे द्या. बघणाऱ्यानं ते दोन कागद वाचले की खटला संपतो. हा परोपकारी, ती विश्वासघातकी. नुसत्या देहबोलीनं भागलं असतं, तर इतक्या कसबी चित्रकारानं अक्षरं काढण्यात वेळ कशाला घालवला असता?

आता मेसेज स्वतः कसा पटवतो तेही बघायला हवं. नेमका आकडा, कारण नेमकेपणा मोजमापासारखा दिसतो. परदेशी विद्यापीठ, कारण तिथे विचारायला कोण जातंय? आणि कष्टातून सुटका, मजकुरावर डोकं शिणवू नका म्हणे. या तीन युक्त्यांवर तो हजारो फोनांत पोचला, एकाही चेहऱ्याशिवाय, एकाही आवाजाशिवाय, निव्वळ टाइप केलेल्या शब्दांत. लिहिणाऱ्यानं '५५ टक्के'ऐवजी 'बऱ्यापैकी' असं लिहिलं असतं, तर सरांनी तो पुढे पाठवला असता का, मला शंका आहे.